वेसवार आणि खिम्याचे गोळे

आम्ही शाकाहारी; तथापि श्रावणापूर्वी, दीप अमावास्येस, मांसाहारी घरांत शिजणाऱ्या खिम्याच्या गोळ्यांना कोणी परकीय म्हणून नाक मुरडले, की आम्हांस सुश्रुतसंहितेचे स्मरण द्यावेच लागते. कोफ्ता हा शब्द फारसी खरा, अर्थ ‘कुटलेले’. परंतु सुश्रुताचा ‘वेसवार’ म्हणजे तरी काय? अस्थिरहित मांस उकडून, पाट्यावर पुन्हा वाटून, पिंपळी, सुंठ, मिरे, गूळ व तूप घालून शिजविलेले! मराठीत हा शब्द केवळ मसाल्यापुरता उरला. मेंढीच्या कोवळ्या मांसाचा खिमा निथळून, आले, लसूण, मीठ, वेसवार व फुटाण्याच्या डाळ्याचे पीठ घालून मळावा. गोळे उकळत्या रश्श्यात सोडावेत. ते घट्ट होईतो पळी न लावता पातेलेच हलवावे.