बॉबी ऑर

रॉबर्ट गॉर्डन ऑर ऊर्फ बॉबी ऑर (जन्म: २० मार्च, १९४८, पॅरी साउंड, ऑन्टारियो, कॅनडा) हे कॅनडाचे माजी व्यावसायिक आइस हॉकी खेळाडू आहेत. ते बचावपटू म्हणून खेळत. नॅशनल हॉकी लीग (एनएचएल) या उत्तर अमेरिकेतील प्रमुख साखळी स्पर्धेत ते १९६६ ते १९७६ या काळात बॉस्टन ब्रुइन्स या संघाकडून आणि त्यानंतर शिकागो ब्लॅक हॉक्स या संघाकडून खेळले. सर्वोत्तम बचावपटूला दिला जाणारा जेम्स नॉरिस स्मृती चषक त्यांनी १९६८ ते १९७५ अशी सलग आठ वर्षे जिंकला. हंगामात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या खेळाडूचा आर्ट रॉस चषक मिळवणारे ते एकमेव बचावपटू आहेत. गुडघ्याच्या दुखापतींमुळे वयाच्या ३०व्या वर्षीच त्यांना निवृत्त व्हावे लागले.

== पार्श्वभूमी ==

आइस हॉकीमध्ये एका वेळी प्रत्येक संघाचे सहा खेळाडू बर्फाच्या रिंकवर असतात: एक गोलरक्षक, दोन बचावपटू आणि तीन आघाडीचे खेळाडू. चेंडूऐवजी पक नावाची कठीण रबरी चकती वापरली जाते. सामना प्रत्येकी २० मिनिटांच्या तीन सत्रांचा असतो. गोल करणाऱ्या खेळाडूला एक गुण मिळतो. त्या गोलापूर्वी पक पुढे देणाऱ्या जास्तीत जास्त दोन सहकाऱ्यांनाही गोलसाहाय्याचा प्रत्येकी एक गुण मिळतो.

ऑर यांच्या उदयापूर्वी बचावपटूचे काम बहुतांशी आपल्या गोलाजवळ थांबून प्रतिस्पर्ध्याला अडवणे आणि पक आघाडीच्या खेळाडूंकडे सोपवणे इतपतच मानले जाई. त्यामुळे गुणांच्या यादीत बचावपटू सहसा आघाडीच्या खेळाडूंच्या बरेच मागे असत.

== सुरुवातीचे जीवन ==

ऑर यांचा जन्म जॉर्जियन उपसागराच्या काठावरील पॅरी साउंड या लहान गावी झाला. डग आणि आर्वा ऑर हे त्यांचे आईवडील. हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावर ते स्केटिंग आणि हॉकी शिकले. १९६१ मध्ये गॅनानोक्वी येथील मुलांच्या स्पर्धेत बॉस्टन ब्रुइन्सच्या निरीक्षकांचे लक्ष त्यांच्याकडे गेले. त्या काळी एनएचएलमध्ये सहाच संघ होते आणि किशोरवयीन खेळाडूंशी करार करून त्यांचे हक्क राखून ठेवण्याची पद्धत होती. त्यानुसार १९६२ मध्ये, वयाच्या १४व्या वर्षी, ऑर बॉस्टनशी करारबद्ध झाले.

त्यानंतर ते ओशावा जनरल्स या कनिष्ठ संघाकडून चार हंगाम खेळले. आपल्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या मुलांविरुद्ध खेळत असूनही त्यांचा प्रभाव लवकरच दिसू लागला. पहिल्या हंगामात ते पॅरी साउंडमध्येच राहून केवळ सामन्यांसाठी प्रवास करत. १९६५–६६ च्या हंगामात त्यांनी ३८ गोल केले आणि संघाने मेमोरियल चषकाची अंतिम फेरी गाठली. तेथे एडमंटन ऑइल किंग्ज संघाने ओशावाचा पराभव केला.

== कारकीर्द ==

=== बॉस्टन ब्रुइन्स ===

१९६६ मध्ये ऑर यांच्या वतीने टोरांटोचे वकील अ‍ॅलन ईगलसन यांनी बॉस्टनशी वाटाघाटी केल्या. खेळाडूने संघमालकांशी प्रतिनिधीमार्फत बोलणी करणे त्या वेळी नवीन होते. ऑर यांनी १९ ऑक्टोबर, १९६६ रोजी डेट्रॉइट रेड विंग्ज संघाविरुद्ध एनएचएलमध्ये पदार्पण केले. पहिल्या हंगामात ६१ सामन्यांत १३ गोल आणि २८ गोलसाहाय्य करून त्यांनी सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा कॅल्डर चषक मिळवला. संघ मात्र त्या वर्षी शेवटच्या क्रमांकावर राहिला. सलग आठ हंगाम बाद फेरीबाहेर राहिलेल्या बॉस्टनने १९६८ मध्ये पुन्हा त्या फेरीत प्रवेश केला. १९६७ मध्ये शिकागोहून आलेले फिल एस्पोझिटो हे आघाडीचे खेळाडू आणि ऑर यांच्याभोवती संघाची नवी बांधणी झाली.

१९६९–७० च्या हंगामात ऑर यांनी ३३ गोल आणि ८७ गोलसाहाय्यांसह १२० गुण मिळवले. आर्ट रॉस चषक प्रथमच एका बचावपटूकडे गेला. त्याच हंगामात त्यांना नॉरिस चषक, सर्वोत्कृष्ट खेळाडूचा हार्ट चषक आणि बाद फेरीतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा कॉन स्मिथ चषकही मिळाला.

१० मे, १९७० रोजी सेंट लुईस ब्लूज संघाविरुद्ध अंतिम मालिकेचा चौथा सामना बरोबरीत सुटून जादा वेळेत गेला. जादा वेळ सुरू होऊन ४० सेकंद झाले असताना डेरेक सँडरसन यांच्याकडून आलेला पक ऑर यांनी गोलरक्षक ग्लेन हॉल यांच्या पुढून जाळ्यात मारला. त्याच क्षणी नोएल पिकार्ड यांच्या स्टिकमुळे पाय उचलला जाऊन ऑर हवेत आडवे फेकले गेले. दोन्ही हात पुढे पसरून हर्षाने तरंगणाऱ्या ऑर यांचे रे लुसिये यांनी टिपलेले छायाचित्र आइस हॉकीच्या इतिहासातील सर्वाधिक प्रसिद्ध छायाचित्रांपैकी एक ठरले. या गोलामुळे बॉस्टनने १९४१ नंतर प्रथमच स्टॅनली चषक जिंकला.

पुढच्या हंगामात त्यांनी ३७ गोल आणि १०२ गोलसाहाय्यांसह १३९ गुण मिळवले. एका हंगामात शंभर गोलसाहाय्ये करणारे ते एनएचएलमधील पहिले खेळाडू ठरले. त्या वर्षीची त्यांची अधिक-उणे नोंद +१२४ होती. खेळाडू रिंकवर असताना आपल्या संघाने केलेल्या आणि प्रतिस्पर्ध्याने केलेल्या गोलांमधील फरक म्हणजे ही नोंद. संख्याबळाच्या लाभात केलेले गोल त्यात धरले जात नाहीत. एका हंगामातील हा उच्चांक अद्याप अबाधित आहे. १९७२ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सला हरवून बॉस्टनने पुन्हा स्टॅनली चषक जिंकला आणि ऑर कॉन स्मिथ चषक दोनदा मिळवणारे पहिले खेळाडू बनले. १९७४–७५ मध्ये ४६ गोल आणि १३५ गुणांसह त्यांनी दुसऱ्यांदा आर्ट रॉस चषक मिळवला.

=== दुखापती ===

ऑर यांच्या डाव्या गुडघ्याला पहिल्याच हंगामात इजा झाली. पकसह वेगाने पुढे जाण्याच्या शैलीमुळे प्रतिस्पर्ध्यांच्या धडका त्यांना वारंवार सोसाव्या लागत. दुर्बिणीद्वारे केली जाणारी सांध्याची शस्त्रक्रिया तेव्हा रूढ नव्हती; गुडघा उघडून फाटलेली कूर्चा काढून टाकली जाई. अशा शस्त्रक्रिया पुनःपुन्हा झाल्याने हाडे एकमेकांवर घासू लागली. कॅनडा आणि सोव्हिएत संघ यांच्यातील १९७२ च्या गाजलेल्या मालिकेत ते खेळू शकले नाहीत. १९७५–७६ च्या हंगामात त्यांना केवळ १० सामने खेळता आले.

सप्टेंबर १९७६ मध्ये झालेल्या पहिल्या कॅनडा चषक स्पर्धेत मात्र ते अधू गुडघ्यानिशी उतरले. सात सामन्यांत नऊ गुण मिळवून ते स्पर्धेचे सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरले. कॅनडाने अंतिम मालिकेत चेकोस्लोव्हाकियाला हरवले.

=== शिकागो आणि निवृत्ती ===

१९७६ च्या उन्हाळ्यात ऑर यांनी शिकागोशी करार केला. बॉस्टनने देऊ केलेल्या प्रस्तावात संघाच्या मालकीतील १८.५ टक्के वाट्याचा समावेश होता. परंतु ईगलसन यांनी ही गोष्ट ऑर यांना सांगितली नव्हती. शिकागोकडून ते दोन हंगामांत मिळून २६ सामने खेळले. १९७७–७८ चा संपूर्ण हंगाम त्यांना बाहेर बसावे लागले. नोव्हेंबर १९७८ मध्ये त्यांनी निवृत्ती जाहीर केली. तोवर त्यांची देणी मालमत्तेपेक्षा अधिक झाली होती. १९८० मध्ये त्यांनी ईगलसन यांच्याशी संबंध तोडले. खेळाडू संघटनेचे प्रमुख राहिलेल्या ईगलसन यांनी १९९८ मध्ये फसवणुकीच्या आरोपांची कबुली दिली आणि त्यांना कारावास झाला.

== आकडेवारी ==

* बॉस्टन ब्रुइन्स: ६३१ सामने, २६४ गोल, ६२४ गोलसाहाय्ये, ८८८ गुण
* शिकागो ब्लॅक हॉक्स: २६ सामने, ६ गोल, २१ गोलसाहाय्ये, २७ गुण
* एकूण (बाद फेरी वगळून): ६५७ सामने, २७० गोल, ६४५ गोलसाहाय्ये, ९१५ गुण

== सन्मान आणि वारसा ==

९ जानेवारी, १९७९ रोजी बॉस्टन ब्रुइन्सने ऑर यांचा ४ हा गणवेश क्रमांक कायमचा निवृत्त केला. त्याच वर्षी नेहमीच्या तीन वर्षांच्या प्रतीक्षेची अट शिथिल करून त्यांचा हॉकी हॉल ऑफ फेममध्ये समावेश करण्यात आला; तेव्हा ते ३१ वर्षांचे होते. कॅनडा सरकारने त्यांना ऑर्डर ऑफ कॅनडा हा सन्मान दिला. १९७० च्या गोलाला ४० वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, १० मे, २०१० रोजी, बॉस्टनमध्ये त्यांच्या हवेतील त्या झेपेच्या पुतळ्याचे अनावरण झाले. पुढे ते स्वतः तरुण खेळाडूंचे प्रतिनिधी म्हणून काम करू लागले. २०१३ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले.

ऑर यांच्यानंतर आक्रमणात सहभागी होणारा बचावपटू ही नियमित बाब बनली. त्यांचा हंगामातील ४६ गोलांचा विक्रम १९८५–८६ मध्ये पॉल कॉफी या बचावपटूने ४८ गोल करून मोडला. बचावपटूने एका हंगामात मिळवलेले १३९ गुण आणि केलेली १०२ गोलसाहाय्ये हे विक्रम मात्र आजही ऑर यांच्याच नावावर आहेत.