दगडी पाला ओळखावा कसा?

सह्याद्रीच्या उतारावर कातळाच्या फटींत, किंवा पुण्याच्या वेताळ टेकडीवरील मुरमाड वाटेच्या कडेला, वीतभर उंच सडसडीत दांडीवर डुलणारे एकुलते एक फिकट पिवळे फूल पुष्कळांच्या पाहण्यातले असते. हीच एकदांडी, अर्थात दगडी पाला. विळा लागून बोट कापले की खेड्यापाड्यांतून हा पाला चुरगळून त्याचा रस जखमेवर पिळतात. चेन्नईच्या बाजूस तमिळ भाषेत या वनस्पतीला ‘वेट्टुक्कायप् पूंडु’, म्हणजे घावावरची वनस्पती, असेच म्हणतात.

मौज अशी की, इतकी घरची वाटणारी ही वनस्पती मूळची येथली नव्हेच. ती उष्ण अमेरिकेतील. लिनीअसने 1753 मध्ये तिला ‘ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स’ हे नाव दिले, ते मेक्सिकोतील वेराक्रूझ येथील वनस्पतीवरून. तेव्हा प्राचीन निघंटूंत तिचा शोध घेणे व्यर्थ होय.

ओळख पटवायची ती पाला खुडण्यापूर्वी. कारण त्याच वाटेवर गाजर गवतही उभे असते. पुण्यातील त्याची नोंद 1956 मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढे ते देशभर पसरले. त्याच्या स्पर्शाने कित्येकांच्या त्वचेला खाज सुटते, चट्टे उठतात. उघड्या जखमेवर त्याचा रस पिळणे म्हणजे दुखण्यात भर घालणे. गाजर गवताची पाने गाजराच्या पानांसारखी खोल चिरलेली, आणि फुले बारीक, पांढरी, झुबक्यांनी येणारी. दगडी पाल्याची पाने जाड, खरखरीत, लवदार, कडेला करवतीसारखे दाते असलेली, आणि खोडावर समोरासमोर जोडीने येणारी असतात. खोड जमिनीवर लोळते व पेरांपाशी मुळे धरते. ही वनस्पती बहुवर्षायू आहे. पावसाळ्यानंतर डोंगर पिवळा करणारी सोनकी हिच्याच सूर्यफूल कुलातली. पण ती वर्षायू, तिची पाने एकाआड एक, आणि फुलांचा रंग गडद पिवळा.

खरी खूण फुलात आहे. आपण ज्यास फूल म्हणतो ते वास्तविक अनेक पुष्पकांचे स्तबक होय. मधली पिवळी, नळीसारखी ती बिंबपुष्पके. कडेची पाचसहा पांढुरकी अथवा फिकट पिवळी ती किरणपुष्पके. यांपैकी एका किरणाचे टोक निरखून पाहावे: त्यास तीन दाते दिसतील. माक्याचे स्तबकही पांढरे असते, परंतु ते आखूड देठाचे, पानांच्या बगलेत बसलेले, आणि माका ओलाव्याच्या जागी वाढतो. बाजारात माक्याच्या नावाखाली कधी कधी दगडी पाला मिसळला जातो, म्हणून हा भेद विकत घेणाऱ्यासही ठाऊक असावा. फुले गळाली असतील तर फळ पाहावे. दगडी पाल्याच्या फळास पिसासारख्या केसांचा तुरा असतो, आणि वाऱ्यावर ते दूर जाते. माक्याच्या फळास असा तुरा नसतो.

दगडी पाल्याच्या अर्काचे प्रयोग उंदरांच्या जखमांवर झाले असून त्यांत काही गुण आढळला आहे. तथापि माती लागलेल्या खोल जखमेत धनुर्वाताचे भय असते, आणि ते कोणत्याही पाल्याने टळत नाही. तेथे जखम स्वच्छ पाण्याने धुऊन दवाखाना गाठावा आणि धनुर्वाताची लस घ्यावी.