स्वयंचलित टोनआर्म लिफ्टर

स्वयंचलित टोनआर्म लिफ्टर हे हाताने चालवायच्या टर्नटेबलवर ध्वनिमुद्रिकेची बाजू संपताच टोनआर्म वर उचलणारे छोटे यांत्रिक उपकरण आहे. ऑडिओ-टेक्निका या जपानी कंपनीचे एटी६००६ हे त्याचे एक उदाहरण होय.

गरज

वादन संपल्यावर सुई शेवटच्या बंद वर्तुळाकार खाचेत फिरत राहते. मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेणाऱ्या एलपीवर तासाभरात अशा २,००० फेऱ्या होतात. त्यामुळे सुईची विनाकारण झीज होते.

कार्यपद्धती

हे उपकरण टोनआर्मच्या नळीखाली बसवतात. वादनापूर्वी त्याची उचलदांडी खाली दाबून अडकवली जाते. वादनानंतरच्या खाचेतील वळसे विरळ असल्याने टोनआर्म वेगाने आत सरकतो व उपकरणाच्या कळीला स्पर्श करतो. अडसर सुटून स्प्रिंगच्या जोराने दांडी वर येते आणि टोनआर्म उचलला जातो. यासाठी विजेची आवश्यकता नसते.

मर्यादा

लिफ्टर टोनआर्म मूळ जागी नेत नाही व मोटारही थांबवत नाही. कळ फार बाहेरच्या बाजूस बसवल्यास वादन संपण्यापूर्वीच सुई उचलली जाते; ती घट्ट असल्यास हलक्या टोनआर्मवर आडवा दाब पडतो. म्हणून उंची व स्थान काळजीपूर्वक जुळवावे लागते.