लसीच्या दोन कुप्या

बालहक्क दिनाच्या अंकासाठी संपादकांनी लहान बेटराष्ट्रांतल्या मुलांच्या आरोग्याचा विषय दिला. कागदपत्रं चाळता चाळता मी सामोआपाशी थांबले. प्रशांत महासागरातला हा देश जेमतेम दोन लाख वस्तीचा. उपोलू आणि सवाई ही दोन मुख्य बेटं, मधे फेरीबोट. बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार सामोआने १९९४ सालीच मान्य केला होता. त्याच देशात २०१९च्या अखेरीस गोवराने ८३ बळी घेतले, आणि त्यातली बहुतेक मुलं पाच वर्षांच्या आतली होती. करार होता, लस होती, दवाखाने होते. मग घात कुठे झाला?

सामोआला साथीची धास्ती जुनीच. नोव्हेंबर १९१८मध्ये ऑकलंडहून आलेल्या 'तालुने' जहाजाने फ्लू आणला आणि काही आठवड्यांत देशाची सुमारे एक पंचमांश लोकसंख्या गेली. शेजारच्या अमेरिकन सामोआने बंदरातच जहाजं रोखली. तिथे कुणी दगावलं नाही. न्यूझीलंडच्या तेव्हाच्या कारभाराच्या या हलगर्जीबद्दल पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी २००२मध्ये माफी मागितली.

या आघातानंतरच्या दशकात गावोगावी बायकांच्या आरोग्य समित्या उभ्या राहिल्या. त्यांना तिथे 'कोमिती तुमामा' म्हणतात. जिल्ह्याच्या दवाखान्यातली नर्स ठरल्या दिवशी गावात येई. चारी बाजूंनी उघड्या, नुसत्या खांबांवर छप्पर पेललेल्या घरात आया आपापली बाळं घेऊन जमत. वजन होई, नोंद होई, अशक्त बाळाच्या आईला सल्ला मिळे. कोण आली नाही, याचा हिशेब समिती ठेवी. संडास, पाणी, अंगण यांची तपासणी होई आणि हयगय करणाऱ्या घराला दंड बसे. सरकारी आरोग्यसेवेचा हात गावाच्या उंबऱ्यापर्यंत पोचला तो या बायकांमुळे. पुढच्या दशकांत समित्यांचा जोर ओसरला आणि भार उरला तो नर्सवर.

६ जुलै २०१८. सवाई बेटावरच्या साफोतू इथल्या रुग्णालयात एक-एक वर्षाच्या दोन बाळांना गोवर, गालगुंड, रुबेलाची एकत्रित लस टोचली गेली आणि काही मिनिटांत दोघंही गेली. लसीत दोष नव्हता. पावडर कालवण्यासाठी पाण्याऐवजी भुलीच्या वेळी स्नायू शिथिल करायला वापरतात ते मुदत संपलेलं औषध घातलं गेलं होतं.

इतकी साधी चूक होते कशी, हे समजून घ्यायला मी रायगड जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर लसीकरणाच्या दिवशी जाऊन बसले. गोवराची लस पातळ स्वरूपात टिकत नाही, म्हणून ती गोठवून वाळवलेल्या पावडरीच्या रूपात येते. सोबत तिचं पाणी वेगळं. कर्मचारी त्याला 'डायल्युएंट' म्हणतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची जी लस युनिसेफमार्फत देशोदेशी जाते, तिचीही रीत हीच. सिस्टरांनी डब्यातून दोन्ही कुप्या काढल्या आणि लेबलं मोठ्याने वाचली. कंपनी तीच ना, मुदत आहे ना, हे पाहिलं. मग पावडरच्या कुपीवरचा छोटा चौकोन मला दाखवला. उष्णता लागत जाते तसा तो गडद होतो. बाहेरच्या वर्तुळाहून फिकट असेल तरच लस चालते. पाणी सिरिंजमध्ये ओढून त्यांनी सावकाश पावडरीत सोडलं, कुपी हलकेच फिरवली आणि पेनाने तिच्यावर तारीख-वेळ घातली.

"सिस्टर, हे पाणी बदललं तर?"

"दिसायला सगळं पाणीच, ताई. म्हणून वाचल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि या डब्यात दुसरं औषध ठेवायचंच नाही."

चार तासांनी उरलेली लस फेकायची, असा आपल्याकडचा नियम आहे. कालवलेल्या लसीत जंतू पटकन वाढतात. बाहेर रांग असो, अंगणवाडीताई घाई करोत, सिस्टरांचा हा क्रम एकदाही चुकला नाही. मला त्या शिस्तीचा फार आदर वाटला. कराराच्या कलम २४मध्ये मुलाचा आरोग्याचा हक्क लिहिलेला आहे, आणि तो पाळला जातो या टेबलावर.

साफोतूत जे घडलं ते एकमेव नाही. २०१४मध्ये सीरियातल्या इदलिबमध्ये अशाच अदलाबदलीत १५ मुलं दगावली. म्हणजे सगळं खापर दोन हातांवर फोडून भागत नाही. घातक औषध लसीच्या जवळपास पोचतंच कसं, हा प्रश्न व्यवस्थेला विचारायला हवा.

सामोआत दोन नर्सना पाच-पाच वर्षांची शिक्षा झाली. मात्र खरा अनर्थ निकालाची वाट पाहताना घडत होता. सरकारने सुमारे दहा महिने ही लस थांबवली. आयांच्या मनात भीती बसली आणि लसविरोधकांनी ती वाढवली. बाळांच्या पहिल्या डोसचं प्रमाण आधीही समाधानकारक नव्हतं. २०१८मध्ये ते ३१ टक्क्यांवर आलं. गोवराला थोपवायला सुमारे ९५ टक्के लागतात. त्यातच २०१९मध्ये न्यूझीलंडमध्ये गोवर पसरला होता, आणि सामोआच्या जवळपास प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी तिथे असतं.

१५ नोव्हेंबरला आणीबाणी जाहीर झाली. ५ आणि ६ डिसेंबरला देश बंद ठेवून सरकारी नोकर लसीकरणाला जुंपले गेले. ज्या घरात लस न घेतलेलं कुणी असेल, त्या घरापुढे लाल कापड लावायचं होतं. पथकं दारोदार फिरली आणि महिनाअखेरपर्यंत प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास पोचलं. तोवर ५,७०० हून अधिक लोक आजारी पडले होते. टोंगा आणि फिजीतही त्याच सुमारास गोवर शिरला. तिथे लसीकरण पक्कं होतं, कुणीही दगावलं नाही.

पुढे सामोआने शाळाप्रवेशासाठी लस सक्तीची केली. पण कायद्याने नर्स तयार होत नाहीत, आणि शिकलेल्या नर्स जास्त पगारासाठी न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाची वाट धरतात. गावात विश्वासाची बाई उरली नाही, तर पुढची अफवा कोण खोडणार? या चिंतेचं उत्तर मला सापडलेलं नाही.

चूक झाली की चौकशी करावी, दोष शोधावा आणि जबाबदारी ठरवावी. पण लसीकरण परत कोणत्या तारखेला सुरू होणार, हे त्याच दिवशी लोकांना सांगावं. सामोआत दोन मृत्यूंनंतर ते झालं नाही, आणि पुढे ८३ गेले. आपल्याकडे गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत असतो. बाळाला घेऊन जाल तेव्हा कुपी किती वाजता उघडली, हे जरूर विचारा आणि लस दिल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. चांगल्या सिस्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.