मोनुमेंतालच्या शेजारची छळछावणी
अर्जेंटिनाची निळी-पांढरी जर्सी आम्हा कोल्हापूरच्या फुटबॉलवेड्यांच्या अंगात भिनलेली. तरीही १९७८चा विश्वचषक मला निखळ आनंदाने आठवता येत नाही.

यजमानपद १९६६ सालीच ठरलं होतं. मार्च १९७६मध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि विरोधकांना घरातून उचलून गायब करणं सुरू झालं. मानवाधिकार संघटना बेपत्तांचा आकडा ३० हजार सांगतात. जगाने हे पाहू नये, देश सुखात दिसावा, यासाठी जनरल विदेलाच्या राजवटीला ही स्पर्धा हवीच होती.

स्पर्धेचे सामने झाले त्या ब्यूनस आयर्समधल्या मोनुमेंताल स्टेडियमपासून नौदलाची एस्मा ही प्रशाला मैलभरही लांब नाही. तिथे अशा उचलून आणलेल्या कैद्यांना डोळे बांधून, बेड्या घालून माळ्यावर डांबलेलं असे. प्रेक्षकांची आरोळी त्यांच्यापर्यंत पोचायची. २५ जूनला अर्जेंटिनाने अंतिम सामना जिंकला, त्या रात्री तर एका कैदी स्त्रीला गाडीतून जल्लोष दाखवायला नेलं. आपण ओरडलो तरी इथे कुणी लक्ष देणार नाही, हे तिला त्या गर्दीत कळलं. याहून क्रूर छळ मला सुचत नाही.

त्या सामन्यातले अर्जेंटिनाच्या केम्पेसचे दोन गोल अस्सल होते. नेदरलँड्सवरचा ३-१ विजय खेळाडूंनी घाम गाळून मिळवला. चषक मात्र विदेलाच्या हातून स्वीकारावा लागला.

डोक्याला पांढरे रुमाल बांधून बेपत्ता मुलांचा ठावठिकाणा विचारणाऱ्या मायांना तेव्हा डच टीव्हीने पडद्यावर आणलं. एस्मा आज संग्रहालय आहे, २०२३पासून जागतिक वारसास्थळही. ब्यूनस आयर्सला गेलात, तर स्टेडियमआधी ते पाहा.