हात बिघडलेला नाही, नकाशा बदललाय: ग्राफिक्स टॅब्लेटची सवय कशी करायची?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर.

आजचा विषय ग्राफिक्स टॅब्लेट. म्हणजे ती स्क्रीन नसलेली काळी पाटी आणि तिच्यासोबत येणारं पेन. हात पाटीवर चालतो, चित्र मात्र समोर लॅपटॉपवर उमटतं. गंमत सगळी इथेच आहे, आणि त्रासही इथेच. हौसेने काही हजार रुपये घालून घेतलेली ही पाटी अनेकांच्या घरी दुसऱ्या आठवड्यात कपाटात जाते.

माझी मावसबहीण इंदापूरची. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, दोन्ही चित्रकला परीक्षांना ए ग्रेड. ओळखीतल्या लोकांनी लग्नपत्रिकेसाठी चित्रं मागितली म्हणून तिने टॅब्लेट घेतला. चौथ्या दिवशी तिचा फोन आला, "दादा, हात गेला माझा. साधं वर्तुळ येईना. विकून टाकते हे." मी म्हटलं, "हात कुठे जातोय? आधी सेटिंगचा स्क्रीनशॉट पाठव."

आता हे नीट समजून घेऊ.

पाटीला पेन कुठे आहे ते कसं कळतं?

पाटीच्या आत बारीक तारांची जाळी असते. ती जाळी विद्युतचुंबकीय लहरी सोडते. पेनातल्या कॉइलला त्यातूनच ऊर्जा मिळते आणि पेन उलट सिग्नल पाठवतं. म्हणून अशा पेनाला सेल लागत नाही. पेन पाटीला टेकायच्या आधी, थोडं वर असतानाच कर्सर हलायला लागतो, तोही याच कारणाने. खोक्यावर '8192 प्रेशर लेव्हल' लिहिलेलं असतं, तो आकडा म्हणजे 2 चा 13 वा घात. दाब किती बारकाईने मोजला जातो, एवढंच तो सांगतो. आपली रेघ सरळ येईल की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही.

महत्त्वाचा फरक वेगळाच आहे. माउस उचलून दुसरीकडे ठेवला तरी कर्सर जागचा हलत नाही. पेनाचं तसं नसतं. पाटीचा वरचा डावा कोपरा म्हणजे स्क्रीनचा वरचा डावा कोपरा. पाटीवरच्या प्रत्येक जागेची स्क्रीनवर एक ठरलेली जागा असते. हाच तो नकाशा.

वर्तुळाचं अंडं का होतं?

समजा पाटीची काम करणारी जागा 16:10 प्रमाणात आहे आणि लॅपटॉपची स्क्रीन 16:9. पूर्ण पाटी पूर्ण स्क्रीनवर ताणली, की उंची 10 टक्के दबते. हाताने गोल काढला तरी स्क्रीनवर चपटाच दिसणार! उपाय सोपा आहे. टॅब्लेटच्या ड्रायव्हरमध्ये प्रमाण कायम ठेवायची सोय असते. वॅकॉममध्ये तिचं नाव 'फोर्स प्रपोर्शन्स'. दुसऱ्या कंपन्यांमध्ये नाव वेगळं असतं, काम तेच. पाटीची एक पट्टी वाया जाते, ती जाऊ द्या.

दुसरी गोष्ट, पाटी टेबलावर तिरकी ठेवू नका. ती 10 अंश फिरली की तुमची आडवी रेघही तितकीच कलते. कीबोर्ड बाजूला सारा, पाटी स्क्रीनच्या बरोबर समोर ठेवा आणि रोज त्याच जागी ठेवा. विंडोजवर पेन दाबून धरल्यावर गोल फिरत असेल, तर पेनच्या सेटिंगमधलं 'प्रेस अँड होल्ड' बंद करा.

एवढं केल्यावर बहिणीचं अंडं गोल झालं. पण रेघ अजून थरथरत होती. ती सेटिंगने जात नाही, त्याला सरावच लागतो.

मेंदू नवा नकाशा शिकतो

1890 च्या दशकात जॉर्ज स्ट्रॅटन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने जग उलटं दाखवणारी भिंगं डोळ्यांवर लावून 8 दिवस काढले. सुरुवातीला हात भलतीकडे जायचा. काही दिवसांनी त्याच उलट्या जगात तो बराच सहज वावरू लागला. डोळा आणि हात यांचं नातं मेंदू नव्याने जुळवू शकतो. अट एकच, नकाशा रोज तोच हवा. दररोज सेटिंग बदलत बसलात, तर मेंदूने पाठ काय करायचं?

सरावासाठी आपल्याकडे घरचाच उपाय आहे: ठिपक्यांची रांगोळी. क्रिटा हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, एका लेयरवर 7 बाय 7 ठिपके मांडा आणि ते जोडत चला. नजर स्क्रीनवरच, हाताकडे बघायचं नाही. रेघ ओढण्याआधी पेन हवेत दोनदा त्याच वाटेने फिरवा, मग टेकवा. रोज 15 मिनिटं पुरे. पुढच्या आठवड्यात अक्षरं घ्या. लांब शिरोरेषा, मग अ, क्ष, ज्ञ. त्यानंतर भिगवणला उजनीच्या पाणथळीवर हिवाळ्यात येणारे रोहित पक्षी. लांब पाय म्हणजे सरळ रेघा, मान म्हणजे वळण. सगळा सराव एकाच चित्रात!

हात मनगटातून नाही, खांद्यातून हलवा. 6 इंच रुंद पाटी 15.6 इंची लॅपटॉपला जोडली की हालचाल साधारण सव्वादोन पट मोठी होते. 1 मिलिमीटरची थरथर 2 मिलिमीटरहून जास्त दिसते. फळ्यावर लिहिणारे सर आठवा, त्यांचा आख्खा हात फिरायचा. सॉफ्टवेअरमधलं 'स्टॅबिलायझर' सुरुवातीला कमी ठेवा. त्याने रेघ गुळगुळीत होते, पण ती पेनाच्या मागून येते आणि मेंदूचा गोंधळ वाढतो. पाटी फारच गुळगुळीत वाटली, तर वर साधा कागद चिकटवा. पेनाचं टोक जरा लवकर झिजेल, पण पकड कागदासारखी येते.

लॅपटॉप नाही? बरेच टॅब्लेट ओटीजीने अँड्रॉइड फोनलाही जोडता येतात. विकत घेण्याआधी खोक्यावर तेवढं तपासा. फोन उभा धरला तर पाटीचा अरुंद भागच चालतो, म्हणून शक्यतो आडवा ठेवा.

एक शेवटचं. पहिल्या दिवशीचं ठिपक्यांचं पान पुसू नका, तारीख टाकून सेव्ह करा. विकायचा विचार आलाच, तर आधी एकविसाव्या दिवसाचं पान त्याच्याशेजारी उघडा आणि मग ठरवा.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!