मुठीतल्या तीन तारा

पेट्रोलच्या जुन्या स्कूटरची मूठ पिळली की केबल ओढली जाते आणि कार्ब्युरेटरची झडप उघडते. इलेक्ट्रिक स्कूटरची मूठ अशी काहीच ओढत नाही. मोटारीचा प्रवाहही तिच्यातून जात नाही. ती कंट्रोलरला फक्त इशारा देते.

बहुतेक मुठींतून तीन तारा निघतात : एक पाच व्होल्ट पुरवठ्याची, दुसरी ग्राउंडची, तिसरी संदेशाची. आत छोटे चुंबक आणि हॉल सेन्सर असतो. एडविन हॉल यांना १८७९ मध्ये सापडलेल्या परिणामावर तो चालतो. मूठ पिळताना चुंबक सरकते आणि संदेशाचा व्होल्टेज साधारण ०.८ वरून ४ च्या आसपास चढतो.

शून्य ते पाच असा पूर्ण पल्ला का नाही? मेख इथेच आहे. ग्राउंडची तार तुटली, तर संदेश पाच व्होल्टकडे चढू शकतो. साध्या कंट्रोलरला वाटते, चालकाने मूठ पूर्ण पिळली. गाडी सुसाट सुटते. चांगला कंट्रोलर मात्र ठरलेल्या पल्ल्याबाहेरचा आकडा बिघाड मानून मोटार थांबवतो.

म्हणून मूठ किंवा कंट्रोलर बदलताना तारांच्या रंगांवर विसंबू नका. मल्टिमीटरने खात्री करा. जोड पाण्यापासून जपा. ब्रेक दाबताच मोटार बंद करणारी तार ‘नंतर बघू’ म्हणून मोकळी सोडू नका. आणि पहिली चाचणी मागचे चाक अधांतरी ठेवूनच घ्या. चूक झालीच, तर चाक जागच्या जागी फिरेल, गाडी अंगावर येणार नाही.